दोन-दोनची बाई

राजकुमारनं चारही माग एकदम बंद केले, तेव्हा परशरामला वाटलं लाइट गेली. पण डोक्यावरचा बल्ब जळत होता. मागातला सुताचा धोटा मधेच थांबला होता आणि राजकुमार परशरामचाच फोन हातात धरून दारात उभा होता.

फोन खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात बराच वेळ वाजत राहिला होता. परशरामला तो ऐकू आलाच नसता. वडगावातल्या या शेडमध्ये पावरलूमपुढे उभं राहून त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि मागांच्या खडखडाटानं दोन्ही कान खाऊन टाकले होते. समोरच्याचं बोलणं तो अर्धं ओठांवरून ओळखायचा, उरलेलं अंदाजानं. फोनवर ओठ दिसत नाहीत. तरी त्याच्या बायकोनं, मंगलनं, त्याला फोन घेऊन दिला होता, जवळ असू दे म्हणून.

राजकुमार शेडचा मालक, पण वयानं मुलासारखा. त्यानं जवळ येऊन परशरामच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, निपाणीच्या स्टँडवरनं कंडक्टर बोलतोय. काकू बसमधनं उतरंनात."

उतरत नाही म्हणजे काय, ते परशरामला कळलं नाही. जागेवरून कुणाशी वाजलं असेल असं त्याला वाटलं. मंगल भांडायला कमी नव्हती. "मग उतरू नको म्हणावं," तो म्हणाला, "त्याच बसनं परत येऊ दे घरला." राजकुमारचे ओठ हललेच नाहीत, आणि तेव्हा परशरामला कळलं.

कंडक्टर भला माणूस होता. राजकुमारच्या गाडीवरून दोघं निपाणीच्या दवाखान्यात पोचले तोवर तो दारातच थांबून राहिला होता. तो कानडीत सांगत होता आणि राजकुमार तेच परशरामच्या कानाशी मोठ्यानं सांगत होता. तवंदीचा घाट उतरेपर्यंत बाई जाग्या होत्या. निपाणीला सगळी बस रिकामी झाली, तरी बाई खिडकीला डोकं टेकून बसलेल्या. 'इळीरी आक्का, निप्पाणी बंतु,' उतरा, निपाणी आली, असं त्यानं दोनदा म्हटलं आणि मग खांद्याला हात लावला. बायकांना मिळतं ते फुकटचं तिकीट तिच्या मुठीत तसंच होतं. मांडीवर बांगड्यांची वेताची बुट्टी होती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

बुट्टीतली एकसुद्धा बांगडी वाढली नव्हती. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, हे परशराम मंगलकडूनच शिकला होता. सगळ्यात वर वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून दोऱ्यानं बांधलेला एक हिरवा चुडा वेगळा ठेवलेला होता. परशरामनं तो बघितला आणि बुट्टी मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिला.

बांगड्या भरणं हा मंगलचा अर्धा धंदा होता. निपाणी तिचं माहेर. लहानपणी आईबरोबर तंबाखूच्या वखारीत तिनं चाळणी धरली होती, पुढे बिड्या वळल्या होत्या. लग्न होऊन वडगावात आल्यावर शेजारच्या यशोदाबाईंच्या हाताखाली ती बांगड्या भरायला शिकली. मग एका संस्थेनं तिला विचारलं. हायवेवर उभ्या राहणाऱ्या बायका, देवाला सोडलेल्या बायका, ऊस तोडायला लांबून आलेल्या बायका, ज्या दवाखान्याची पायरी चढत नाहीत, त्यांची एचआयव्हीची तपासणी त्यांच्या दारात जाऊन करायची होती. संस्थेची पांढरी गाडी आली की वस्तीतली दारं पटापट लागायची. बांगडीवाली आली की उघडायची.

तिची पद्धत ठरलेली होती. बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, अंगठ्याच्या बुडाशी दाबून दाबून तो मऊ करायचा आणि एकेक बांगडी चढवत इकडचंतिकडचं बोलायचं. हात धरलेला असतो तोवर बाई खोटं बोलत नाही, असं मंगल म्हणायची. मग हळूच विचारायचं. बाई हो म्हणाली तर त्याच हाताच्या बोटाला सुई, थेंबभर रक्त पट्टीवर, आणि पट्टीचा निकाल दिसेपर्यंत दुसऱ्या हातात बांगड्या. नको म्हणाली तर नुसत्याच बांगड्या. विचारल्याशिवाय तिनं कुणाला सुई लावली नाही. नाव तर कुणाचं विचारलंच नाही. नाव दवाखान्यात सांग म्हणायची, माझ्याजवळ नको.

गुपिताच्या बाबतीत ती इतकी कडक होती की बसमध्ये फोनवरसुद्धा कामाचं बोलत नसे. घरात तर निराळीच अडचण होती. बहिऱ्या नवऱ्याला काही सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं, आणि भिंतीला भिंत लागून यशोदाबाईंचं घर. म्हणून नवराबायकोची एक बोटांची भाषा तयार झाली होती, बांगड्यांच्या मापांची. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ अशी मापं असतात. पुढचा आकडा वाढेल तसा हात मोठा. मंगल आधी दोन बोटं दाखवायची, मग सहा. म्हणजे दोन-सहाच्या हाताची बाई. त्यानंतर ती हसली की परशरामनं समजायचं, दोन-सहा आता बरी आहे, कामाला जाते. कपाळावर हात मारला की समजायचं, बयेनं गोळ्या सोडल्या. एखादी पोटुशी असली की मंगल पोटावर हात ठेवायची. अशा बाईची तिला फार घाई असायची. एकदा तिनं त्याच्या कानाशी येऊन समजावून सांगितलं होतं, आईला येळेत गोळ्या सुरू झाल्या की पोराला बहुतेक लागत न्हाय, आन येळ गेली की मग काय हातात न्हाय.

त्यांना मूलबाळ नव्हतं. जेवताना दोघांच्या ताटांभोवती याच बायका वावरायच्या. परशरामला एकीचंही नाव माहीत नव्हतं आणि सगळ्यांचे हात माहीत होते. मंगलच्या जोडीनं निपाणीत काम करणारी बायाक्का एकदा घरी आली होती. हा सगळा बोटांचा कारभार बघून ती म्हणाली, "असला बहिरा दादला मला बी एक बघ की गं. भांडान न्हाय आन चहाडी बी न्हाय." परशरामनं ते तिच्या ओठांवरून ओळखलं आणि मंगलच्या आधी तोच हसला.

जायच्या आदल्या संध्याकाळी मंगल निपाणीहून उशिरा आली आणि घरी न जाता शेडवरच आली. माग चालू होते. ती दारात पदरानं तोंड पुसत उभी राहिली. परशरामनं मान वर केली. तिनं दोन बोटं दाखवली. मग पुन्हा दोन बोटं दाखवली. मग पोटावर हात ठेवला, आणि हातानंच खूण केली की उद्या परत जायचंय. परशरामनं मान हलवली. दोन-दोनची बाई, पोटुशी, तिच्यासाठी उद्या जायचंय. दोन-दोन म्हणजे फारच बारीक हात, मोठ्या बाईचा सहसा नसतो. पोरगीच असेल कुणीतरी, असं त्याच्या मनात आलं. घरी गेल्यावर मंगल दोन घास खाऊन आडवी झाली. झोपण्याआधी काही म्हणाली असेल, तर ते त्याला ऐकू आलं नाही. सकाळी तो उठला तेव्हा ती बसला गेलेली होती.

सवाष्ण गेली म्हणून शेवटचा चुडा यशोदाबाईंनी भरला. हात आखडला होता, बांगडी चढेना. अंगठ्याच्या बुडाशी दाबत यशोदाबाई तिला म्हणाल्या, "सैल सोड की गं हात." जिवंत माणसाला म्हणावं तसंच म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

तिसऱ्या दिवशी माती सावडून आल्यावर परशरामला दोन-दोनची बाई आठवली. मंगल तिच्यापर्यंत पोचली नव्हती. बस निपाणीला पोचली, ती पोचली नव्हती. म्हणजे त्या पोरगीला काही कळलेलं नव्हतं, आणि तिच्या पोटातलं पोर रोज मोठं होत होतं. जगात ही गोष्ट आता त्याच्या एकट्याजवळ होती.

घरात चुलत भाऊ विक्रम सगळं बघत होता. परशराम त्याला म्हणाला की निपाणीला जाऊन यायचंय, एका बाईला निरोप द्यायचाय. विक्रमनं विचारलं, कसली बाई? परशराम सांगणार काय? पोटुशी हाय, एवढंच त्याच्या तोंडून निघालं. विक्रम कानाशी येऊन म्हणाला, "आण्णा, सुतक्यानं पोटुशीम्होरं जाऊ नये. सावली बी पडू देऊ नये. तुला ठावं न्हाय व्हय हे?"

परशरामला ठाऊक होतं. तो असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस होता. आपण गेलो आणि त्या पोराचं काही बरंवाईट झालं तर, हे त्याच्याच मनात आधी आलं होतं. बायाक्काला फोन करावा, तर पलीकडचं ऐकू येणार नाही. कुणाला फोन धरायला सांगावं, तर मंगलनं जे भिंतीला कळू दिलं नाही ते त्या माणसाच्या कानात जाणार. लिहून कळवावं, तर बायाक्काला वाचता येत नाही, दुसरंच कुणीतरी वाचणार. त्यानं सगळ्या बाजूंनी विचार केला आणि तो बसून राहिला. भेटायला माणसं येत होती, तोंडं हलवत होती, जात होती.

बारावं झालं. घर धुऊन घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बुट्टी उचलली आणि तो निपाणीच्या बसला बसला. खिडकीची जागा रिकामी होती, तिथं तो बसला नाही.

बायाक्का वखारींच्या मागच्या गल्लीत राहायची. लहानपणी तिला देवाला सोडलं होतं. तिच्या रक्तात तो आजार निघाला त्यालाही बरीच वर्षं झाली होती. नवीन बायकांना ती स्वतःच्या दंडावर चापट मारून सांगायची, मी रोज गोळी खातीया आन तुमच्यापरास धडधाकट हाय. परशरामला बघून तिनं गळा काढला नाही. त्याच्या हातातल्या बुट्टीवरून एकदा हात फिरवला आणि चहा ठेवला.

तिचं बोलणं त्याला नीट कळायचं, कारण ती तोंड उघडून बोलायची. तिनं सांगितलं ते असं. त्या दिवशी मंगल कारखान्याच्या बाजूला ऊसतोडीच्या तळावर गेली होती, जतकडच्या टोळीत. बायाक्काच्या अंगात ताप होता म्हणून मंगल एकटीच गेली. पट्ट्या लावल्या आणि मुकादम आला, त्यानं हाकलून लावलं. मंगल पट्ट्या पदराखाली घेऊन निघाली. निकाल तिनं वाटेत बघितला असणार. वापरलेल्या सुया-पट्ट्या ती नेहमी दवाखान्याच्या पिवळ्या डब्यात टाकून घरी जायची, तशा टाकून गेली. तोवर तिथली मॅडम घरी गेली होती. त्यामुळे कुणाची पट्टी कशी निघाली ते कुणालाच माहीत नाही.

"मी दोनदा जाऊन आलो तळावर," बायाक्का म्हणाली. "पर कुणाला काय इचारू? सगळ्या म्हणत्यात, आमी न्हाय रगात दिलं. मंगलनं तुमास्नी काय सांगितलंतं काय, आण्णा?"

परशरामनं दोन बोटं दाखवली. पुन्हा दोन बोटं दाखवली. मग पोटावर हात ठेवला.

"दोन-दोन," बायाक्का म्हणाली आणि तशीच उठली. "चला. ऊस सपला, कारखाना बंद पडाय लागलाय. टोळ्या चालल्यात."

तळावरच्या निम्म्या खोपी मोडलेल्या होत्या. पाचट इकडंतिकडं पसरलं होतं, चुलींचे दगड उघडे पडले होते. बायका भांडी पोत्यात भरत होत्या. मुकादम तम्मण्णा मोटरसायकलवर बसून फोनवर बोलत होता. त्यानं बायाक्काला बघितलं आणि फोन कानाचा काढून ओरडला, "परत आलीस? माझ्या टोळीत असलं काय नसतंय म्हणून सांगितलंय न्हवं?"

"बांगड्या भराया आलोय, मुकादम. गावाकडं मोकळ्या हातानं जात्यात व्हय बायका?"

"आन ह्यो कोण?"

"बुट्टी धरणारा. बहिरा हाय. शिव्या दिल्यास तरी चालंल."

मुकादम हसला आणि परत फोनकडे वळला. परशरामला काय झालं ते कळलं नाही, पण मुकादम हसला म्हणून तोही हसला.

बायाक्का एका पोत्यावर बसली आणि जी येईल तिचा हात हातात घेऊन बांगड्या भरू लागली. लई बारीक हाताची कोण गं तुमच्यात, असं तिनं सहज विचारलं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं नाही की काही नाही. एकजण लगेच म्हणाली, "ती व्हय, तिला तर लेकराच्या बांगड्या लागत्यात," आणि तिनं हाक मारली. मोडक्या खोपीच्या मागून एक पोरगी हात पुसत आली. वीसेक वर्षांची असेल. मनगटं काडीसारखी. हातात लाल बांगड्या होत्या, सोनेरी टिकलीच्या. परशरामनं त्या ओळखल्या. त्या गड्डीतल्या उरलेल्या बांगड्या अजून बुट्टीत होत्या.

तिचं पोट सपाट होतं.

बायाक्कानं परशरामकडे बघितलं. तो म्हणाला, "सुरवातीचं आसंल." त्याचा आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला आणि बायका त्याच्याकडे बघायला लागल्या. बायाक्कानं पोरगीला बाजूला नेलं. दवाखान्यात एकदा येऊन जायचंय, घटकाभराचं काम हाय, असं काहीतरी ती म्हणाली. पोरगीनं बुट्टीकडे बघितलं.

"बाई न्हाय आल्या?"

"बाई गेल्या," बायाक्का म्हणाली. "ह्यो तिचा मालक."

पोरगी आत जाऊन चपला घालून आली.

दवाखान्यातल्या खोलीत नीलम मॅडम होत्या. मंगल त्यांच्याबद्दल चांगलं बोलायची. त्यांनी परशरामला आणि बायाक्काला बाहेर बसायला सांगितलं, पण पोरगी म्हणाली, असू देत, बाईंचंच माणूस आहे. मॅडमनी तिला सगळं समजावलं, विचारलं, मग बोटाला सुई लावली. पट्टी टेबलावर ठेवली. परशराम त्या पट्टीकडे बघत राहिला. मंगल इतकी वर्षं हे काम करत होती, पण त्यानं पट्टी कधी बघितली नव्हती. बोटाएवढा प्लास्टिकचा तुकडा, मधे बारीकशी खिडकी. खिडकीत हळूहळू एक तांबडी रेघ उमटली. ते थांबले. आणखी काही उमटलं नाही.

"काही नाही," नीलम मॅडम पोरगीला म्हणाल्या. परशरामला कळावं म्हणून त्यांनी त्याच्याकडे तोंड करून मोठ्यानं सांगितलं, "एकच रेघ आहे. एक रेघ म्हणजे चांगलं. दोन रेघा आल्या असत्या तर पुढची तपासणी करून गोळ्या सुरू कराव्या लागल्या असत्या."

परशरामनं दोन्ही हात जोडले, मॅडमना की देवाला ते त्यालाही कळलं नाही. मंगलचं शेवटचं काम झालं, असं त्याला वाटलं. बायाक्कानं पोरगीच्या पाठीवर थाप मारली.

"मला ठावं हुतं," पोरगी म्हणाली.

बायाक्कानं विचारलं, काय ठावं हुतं?

"माजी पट्टी चांगली हाय म्हणून. बाईंनी तवाच सांगितलंतं. माजी आन माज्या सासूची पट्टी मुकादम यायच्या आदीच झालती."

"मग आलीस कशाला गं?"

"बाईंचा मालक बोलवायला आलाय म्हटल्यावर न्हाय कसं म्हणायचं?"

हे परशरामला कळलं नव्हतं. त्यानं बायाक्काकडे बघितलं. बायाक्कानं त्याला सांगितलं नाही, आधी पोरगीलाच विचारलं, अजून कुणी रक्त दिलं होतं? पोरगी म्हणाली, चौघींनी. मी, सासू आणि पलीकडच्या खोपीतल्या दोघी, थोरली आणि धाकली, जावाजावा. त्यांच्या पट्ट्या लावल्या आणि मुकादम आला. बाई म्हणाल्या, उद्या येऊन सांगते.

बायाक्कानं हे सगळं परशरामला सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. तो ऐकत होता, पण बघत होता टेबलावरच्या पट्टीकडे. मग त्यानं उजव्या हाताची दोन बोटं वर केली. पुन्हा दोन बोटं वर केली.

दोन रेघा. दोन बायका.

मंगलनं माप दाखवलंच नव्हतं. इतकी वर्षं मापंच दाखवली म्हणून त्यानं माप समजून घेतलं.

"पोटुशी कोण हाय त्यातली?" त्यानं विचारलं. या वेळी त्याचा आवाज फारच बारीक निघाला, बायाक्काला परत विचारावं लागलं.

"थोरली," पोरगी म्हणाली. "सातवा हाय. तिचं डोहाळजेवण कुणी केलं न्हाय म्हणून बाई म्हणाल्या, मी आणते तुला हिरवा चुडा. हात लई मोठा हाय तिचा. बाईंनी माप घेतलंतं."

परशरामनं बुट्टीतला कागद काढला आणि दोरा सोडला. हिरव्या बांगड्या होत्या. त्यानं एक बांगडी बोटांवर धरून बघितली. माप बघायला त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. दोन-आठ.

त्या दोघी कुठं आहेत, असं बायाक्कानं विचारलं, तेव्हा पोरगी म्हणाली की त्या गेल्या. चार दिवस झाले. त्यांचा ट्रक सगळ्यात आधी भरला. गावाकडे जाणार नव्हत्या. नवरे परस्पर रस्त्याच्या कामाला जायचे होते, कोकणात म्हणत होते, मग गोव्याला म्हणत होते. नावं तिला माहीत नव्हती. टोळीत सगळे त्यांना थोरली आणि धाकलीच म्हणायचे.

चार दिवसांपूर्वी परशराम घरात सुतकाच्या घोंगडीवर बसून होता.

संध्याकाळी दोघं परत तळावर गेले. बायाक्कानं मुकादमाला सांगितलं की थोरलीचा चुडा भरायचा राहिलाय, बाईमाणसानं बोललेलं राहू नये, जरा तिच्या नवऱ्याला फोन लावून दे. मुकादमाला खरं सांगण्यात अर्थ नव्हता. त्यानं पुढच्या वर्षी ते घर टोळीतून काढलं असतं आणि सगळ्या जत तालुक्याला सांगितलं असतं. त्यानं त्यांच्यासमोरच फोन लावला. फोन बंद होता. त्यानं परत लावला, परत बंद. "माझा बी उचलत न्हाय त्यो," मुकादम म्हणाला. "चुडा देऊन जा, म्होरल्या सालाला आला की देतो." बायाक्का म्हणाली, नको.

त्यानंतर नीलम मॅडमनी जतला, रत्नागिरीला, गोव्याला त्यांच्या ओळखीच्या सगळ्या मॅडमना कळवलं. बायाक्कानं आपल्यासारख्याच बायकांना निरोप दिले, कणकवलीपासून मडगावपर्यंत. निरोप काय देणार? दोघी जावा, एक पोटुशी, तिचा हात दोन-आठचा. रस्त्याच्या कामावर असल्या शेकडो बायका असतात.

परशराम परत मागावर उभा राहिला. राजकुमारनं त्याला चारच्या ऐवजी दोन माग दिले, वय झालं म्हणून. रविवारी तो बस धरून निपाणीला जातो. बायाक्का बांगड्या भरते, तो बुट्टी धरतो. आता बायका त्याला ओळखतात. एखादी त्याच्याच कानाशी येऊन काहीबाही सांगते. हा कुणाला बोलणार नाही याची तिला खात्री असते, आणि बहुतेक वेळा त्याला ते ऐकूही आलेलं नसतं. तो मान हलवतो. रस्त्याचं काम चालू असलेलं दिसलं की बस पुढे जाईपर्यंत तो खिडकीतून बायकांचे हात बघत राहतो.

तेव्हा सातवा होता. आता थोरली बाळंत झाली असेल. हिरवा चुडा बुट्टीत तसाच आहे, बायाक्कानं तो कुणाला भरू दिला नाही.

त्या दोघींना अजून कुणी सांगितलेलं नाही.